बेटावरचे आगंतुक

मुंबई हे बेट आहे, हे मुंबईकराला आठवतं ते गाडी माहीमची खाडी ओलांडते त्या अर्ध्या मिनिटापुरतं. एरवी आपण मुख्य भूमीवरच राहतो अशी आपली समजूत असते. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम अशी ही सात बेटं. अठराव्या शतकाच्या अखेरीला वरळीची खिंड बांध घालून बुजवली, १८३८ मध्ये कुलाब्याचा आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, आणि बघता बघता बेटपण हरवलं. पण जीवशास्त्रात बेट या शब्दाला फार महत्त्व आहे. मी पस्तीस वर्षं परळच्या एका शाळेत हा विषय शिकवला आणि मुलांना नेहमी सांगत आलो, की बेट म्हणजे पाण्यानं वेढलेली जमीन हे भूगोलाच्या पेपरापुरतं ठीक आहे. प्राण्याच्या दृष्टीनं बेट म्हणजे जिथून सहज बाहेर पडता येत नाही आणि जिथं बाहेरचं कुणी सहज आत येऊ शकत नाही, अशी कुठलीही जागा. अशा जागेत राहणाऱ्यांची एकमेकांशी एक घडी बसलेली असते. त्या घडीत नवा गडी शिरला म्हणजे काय होतं, ते आज सांगायचं आहे. आणि हा नवा गडी सरपटणारा प्राणी असेल तर गोष्ट जरा जास्तच गुंतागुंतीची होते.

सुरुवात थोडी लांबून करतो. प्रशांत महासागराच्या पश्चिमेला ग्वाम नावाचं बेट आहे. आकारानं आपल्या बृहन्मुंबईच्या जवळपास. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनं तिथं मोठा लष्करी तळ उभारला. न्यू गिनीच्या बाजूच्या बेटांवरून युद्धसामग्री जहाजांनी ग्वामला आणली गेली आणि त्या सामानात कुठं तरी वेटोळं घालून एक साप आला. तपकिरी झाडसाप. आपल्याकडे मांजऱ्या साप म्हणतात ना, डोळ्यांत मांजरासारखी उभी बाहुली असणारा, त्याच कुळातला हा. त्याच्या मायदेशी तो कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. ग्वामच्या पक्ष्यांनी मात्र झाडावर चढून घरट्यातली पिल्लं खाणारा साप पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला नव्हता. बेटावर मूळचा साप होता तो आपल्या वाळ्यासारखा, मुंग्यांची अंडी खाणारा. त्यामुळे पळायचं कधी, घरटं लपवायचं कसं, हे त्या पक्ष्यांना ठाऊकच नव्हतं.

साठीच्या दशकापासून बेटाच्या दक्षिणेकडचं रान गप्प होऊ लागलं. मग मध्यभाग, मग उत्तर. लोकांनी डीडीटीला दोष दिला, पक्ष्यांच्या रोगांना दिला. ज्युली सॅव्हिज या संशोधिकेनं १९८७ मध्ये पुराव्यानिशी दाखवून दिलं, की पक्षी ज्या क्रमानं नाहीसे झाले त्याच क्रमानं हा साप बेटावर पसरत गेला होता. तोवर फार उशीर झाला होता. रानातल्या बारा देशी पक्ष्यांपैकी दहा ग्वामच्या जंगलातून गेले. काही पिंजऱ्यात वाचवता आले, काही जगातूनच संपले. पक्षी गेले म्हणून कोळ्यांची संख्या वाढली, झाडांच्या बिया पसरवणारं कुणी उरलं नाही. साप विजेच्या तारांवर चढून जळू लागले आणि गावं अंधारात जाऊ लागली.

त्यावरचा एक उपाय ऐकाल तर थक्क व्हाल. पॅरासिटामॉल! आपण ताप आला की घेतो तीच गोळी. या सापाला ८० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल पुरे होतं. म्हणजे आपल्या घरातल्या ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सहा साप. तेव्हा मेलेल्या उंदराच्या पिल्लात हे औषध भरायचं, त्याला कागदी फीत बांधायची आणि हेलिकॉप्टरमधून जंगलावर टाकायचं. फीत फांदीत अडकते, उंदीर लोंबकळत राहतो, साप येऊन तो गिळतो. गेली अनेक वर्षं हा खटाटोप चालू आहे, त्यावर अमाप पैसा खर्च झाला आहे. साप काही ठिकाणी कमी झाले. संपले मात्र नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, उंदीर, घुशी, मांजरंही बेटांवर जाऊन धुमाकूळ घालतातच की. खरं आहे. पण सरपटणाऱ्या प्राण्यांना प्रवासाची उपजतच देणगी असते. आपल्यासारखं अंग गरम ठेवायला त्यांना सतत खावं लागत नाही. साप महिना-महिना उपाशी राहतो. पाल लाकडाच्या फटीत, खोक्याच्या पुठ्ठ्यात पडून राहते. तिची अंडी कडक कवचाची असतात, ती कपाटामागे चिकटून कपाटाबरोबर दुसऱ्या देशात जातात. आणि काही जातींच्या माद्यांना नराचं बीज पोटात बरेच दिवस साठवून ठेवता येतं, म्हणजे उतरणारी मादी एकटी दिसली तरी एकटी असतेच असं नाही.

यातला सगळ्यात अट्टल प्रवासी आपल्या ओळखीचा आहे. पावसाळ्यात चाळीच्या मोरीत गांडुळासारखं काही तरी चकचकीत, काळपट वळवळताना दिसतं आणि घरात आरडाओरडा होतो. तो वाळा. वीतभर लांबीचा, जवळजवळ आंधळा, पूर्ण निरुपद्रवी साप. विशाखापट्टणमकडच्या नमुन्यावरून तो अठराव्या शतकाच्या शेवटी शास्त्रज्ञांना माहीत झाला. मूळ बहुधा आपल्याच भागातला. आज तो आफ्रिकेत, अमेरिकेत, हवाई बेटांवर, प्रशांत आणि हिंदी महासागरातल्या असंख्य बेटांवर आहे. जगात सगळ्यात जास्त पसरलेला साप कुठला, तर नाग नव्हे, अजगर नव्हे, हा वाळा! गेला कसा? कुंडीतून. रोपांच्या मुळांशी असलेल्या मातीत हा राहतो आणि रोप जिथं जाईल तिथं जातो. इंग्रजीत याला कुंडीतला साप असंच नाव पडलं आहे. शिवाय याच्यात नर नसतातच. सगळ्या माद्या. मादी कुणाच्याही मदतीशिवाय अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. एक वाळा, एक कुंडी, एक बेट, एवढ्यावर वसाहत उभी राहते. दादरच्या रोपवाटिकेतून तुम्ही मोगऱ्याची कुंडी घरी आणलीत, तर त्यातूनही तो येऊ शकतो. येऊ द्या. मुंग्यांची, वाळवीची अंडी खाऊन तो गप्प राहतो. बेटांवर त्यानं मोठं नुकसान केल्याचं काही दिसलेलं नाही. आगंतुक तेवढे सगळे उपद्रवी असतात असं नाही, हेही सांगायला हवं.

पालीची गोष्ट मात्र वेगळी आहे. मॉरिशसला आपली मराठी माणसं आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेल. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारानं काम करायला रत्नागिरी आणि आसपासच्या भागातली कुटुंबं मुंबई बंदरातून गेली, तिथंच राहिली आणि अजून गणपती बसवतात. त्या काळात त्या बेटांवर माणसांबरोबर ऊस, गुरं, धान्य आणि न बोलावता आलेले किती तरी जीव उतरले. आपण कुंपणावर पाहतो तो मान हलवणारा सरडा शेजारच्या रियुनियन बेटावर १८६५ च्या सुमारास जावाहून आलेल्या उसाच्या बेण्यातून गेला, अशी नोंद आहे. मग तो मॉरिशसलाही पोचला. चिचुंद्री आपल्याकडचीच. आणि भिंतीवरची पाल. मॉरिशसमध्ये रात्री हिंडणाऱ्या स्थानिक पाली होत्या, जगात दुसरीकडे कुठंच नसलेल्या. आशियातल्या घरपालीनं त्यांना लपायच्या खबदाडींतून हुसकावलं. आज त्या स्थानिक पाली उरल्या आहेत त्या मॉरिशसच्या आसपासच्या, घरपाल अजून न पोचलेल्या लहान लहान बेटांवर. ट्यूबलाइटजवळ चुकचुकणारी पाल कुणाचा वंश संपवू शकेल असं पाहून वाटत नाही, पण तिनं ते जवळजवळ केलं.

हे सगळे मालाबरोबर गेलेले जीव. कुणी मुद्दाम नेले नाहीत. पण गेल्या पन्नास वर्षांत एक नवी वाट उघडली आहे, ती हौसेची. आणि त्या वाटेनं आपल्या मुंबई बेटावर जो आगंतुक आला, तो तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी येऊन गेला असेल.

क्रॉफर्ड मार्केटच्या पाळीव प्राण्यांच्या बाजारात किंवा कुठल्याही उपनगरातल्या मासळीपेट्यांच्या दुकानात जा. प्लॅस्टिकच्या घमेल्यात बोटभर पाण्यात रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी हिरवीगार कासवं एकमेकांवर चढत असतात. डोळ्यामागे कुंकवाचा ओढल्यासारखा लाल पट्टा. इंग्रजी नाव रेड-इअर्ड स्लायडर, मराठीत आपण लाल कानाचं कासव म्हणतो. वास्तविक कासवाला बाहेरून दिसणारा कानच नसतो, पण नाव पडलं ते पडलं. स्लायडर म्हणजे घसरणारा. ओंडक्यावर ऊन खात बसलेलं हे कासव चाहूल लागताच सुळकन पाण्यात घसरतं, म्हणून. याचं गाव अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं.

मग ते क्रॉफर्ड मार्केटला कसं? अमेरिकेत एकेकाळी ही पिल्लं खेळण्यासारखी विकली जात. मुलं ती तोंडात घालत आणि साल्मोनेला नावाच्या जंतूमुळे जुलाब-तापानं आजारी पडत. म्हणून १९७५ मध्ये तिथल्या सरकारनं चार इंचांपेक्षा लहान कासव विकायला बंदी घातली. चार इंच का, तर एवढं मोठं कासव पोराच्या तोंडात मावत नाही! पण बंदी देशातल्या विक्रीवर होती, निर्यातीवर नव्हती. लुइझियाना राज्यात कासवांच्या मोठमोठ्या शेतीशाळा होत्या, त्यांनी जगाची बाजारपेठ धरली. १९८९ ते १९९७ या काळात अमेरिकेतून अशी ५ कोटी २० लाख कासवं बाहेर गेली. कोटी, बरं का. आपल्या मुलांना जे नको ते दुसऱ्यांच्या मुलांना विकायचं, ही रीत तशी जुनीच. युरोपीय देशांनी १९९७ मध्ये आयात थांबवली. २००० मध्ये जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जीवांची यादी निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं काढली, तीत हे कासव होतं.

आपल्याकडे त्याला आणखी एक कारण मदतीला आलं, आणि ते जरा चमत्कारिक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्या देशी कासवांना संरक्षण दिलं. ती पाळणं, विकणं गुन्हा. हे उत्तमच झालं. पण कायद्याचं लक्ष देशी प्राण्यांवर होतं. परदेशी कासवाबद्दल तो गप्प होता. दुकानदारानं देशी कासव ठेवलं तर तुरुंग, हे ठेवलं तर काही नाही. त्यात नव्वदीनंतर फेंगशुई आली, घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते असं कुणी कुणी सांगू लागलं. आपल्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतंच. कूर्मावतार तर सगळ्यांना पाठ. तेव्हा कासव घरात यायला आडकाठी कसली? दोनचारशे रुपयांत जोडी.

घरी आणल्यावर पहिले सहा महिने कौतुकाचे. मग ते वाढू लागतं. बशीएवढं होतं, मग ताटलीएवढं. मादीची पाठ फूटभराच्या जवळपास जाऊ शकते. पाणी दोन दिवसांत गढूळ होतं, वास मारतं. ऊन मिळालं नाही की कवच मऊ पडतं, डोळे सुजतात. आणि आयुष्य? नीट सांभाळलं तर तीस वर्षं, कधी त्याहून जास्त. पाचवीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेलं कासव त्याच्या लग्नानंतरही हयात असतं. दुकानदार हे सांगत नाही. मी एका दुकानात मुद्दाम विचारलं, हे किती मोठं होईल? तो म्हणाला, "पेटी लहान ठेवा, मग वाढत नाही." हे साफ खोटं आहे. लहान पेटीत ते वाढायचं थांबत नाही, आजारी पडतं.

एकदा लालबागहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई आली. चाळ पुनर्विकासाला गेली होती, सामानाची बांधाबांध चालली होती. हातात बादली, बादलीत ते.

"सर, भाड्याच्या खोलीत याला कुठं ठेवू? उद्या अंगारकी आहे. देवळाच्या तळ्यात सोडून येते. मोकळं पाणी मिळेल बिचाऱ्याला."

"वहिनी, तळ्यात नका सोडू."

"का? मुका जीव आहे. बादलीत मरण्यापेक्षा बरं ना? पुण्यच लागेल."

त्या बाईंचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. दारात आलेल्या गाईला पोळी देणाऱ्या, कबुतरांना दाणे घालणाऱ्या माणसाला हेच सुचणार. कसाबाला विकण्याची किंवा कचऱ्यात टाकण्याची कल्पना त्यांना सहन झाली नसती. अडचण अशी, की दयेचा हा हिशेब एकाच जिवापुरता असतो आणि तळ्यात बाकीचे जीव असतात.

इथं पुन्हा बेटाकडे येतो. मगाशी म्हटलं, बेट म्हणजे जिथून बाहेर पडणं अवघड अशी जागा. मग तलाव काय आहे? जमिनीनं वेढलेलं पाणी. मासा, बेडकाचं पिल्लू, गोगलगाय यांच्या दृष्टीनं तलाव हे बेटच. आणि मुंबईचा तलाव म्हणजे बेटातलं बेट! या शहराला एकेकाळी पिण्याचं पाणी तळ्या-विहिरींचंच होतं. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी, खारा तलाव ही आता बसच्या पाट्यांवरची आणि पत्त्यांतली नावं उरली आहेत. नळाचं पाणी आल्यावर तळी दुर्लक्षित झाली, डास झाले. डॉ. बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला, त्यानंतर विहिरी आणि तळी बुजवण्याला जोर आला. त्याआधीही बरीच बुजली होती. गिरणगावात गिरण्यांच्या आवारात पाण्याची तळी असत, १९८२ च्या संपानंतर गिरण्याच गेल्या. आज दक्षिण आणि मध्य मुंबईत गोडं उघडं पाणी म्हणाल तर वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव, राणीच्या बागेतली तळी, उद्यानांतले हौद आणि गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या पोडियमवरचं शोभेचं पाणी. जे उरलं आहे ते इतकं थोडं आहे, की त्यात पाच-पंचवीस कासवं पडली तरी ती मोठी गर्दी होते.

ती काय करतात? लहानपणी मुख्यतः मांसाहारी असतात. बेडकांची पिल्लं, चतुरांच्या अळ्या, मासोळ्या, गोगलगाई. मोठी झाली की पाणवनस्पतीही खातात. ऊन खाण्याच्या जागा बळकावतात. फ्रान्समधल्या अभ्यासकांनी युरोपातली देशी कासवं आणि ही कासवं एकाच तळ्यात ठेवून पाहिलं, तर देशी कासवं चांगल्या जागांवरून मागे हटली, त्यांचं वजन घटलं, मेलीही जास्त. मारामारी करावी लागली नाही. नुसतं आधी जाऊन बसणं पुरलं. दादर-सीएसएमटी लोकलमध्ये खिडकी धरणाऱ्यांना हे निराळं समजावून सांगायला नको. शिवाय ही कासवं स्वतःला त्रास न होता जंतू आणि परजीवी बाळगतात, ते दुसऱ्यांना देतात.

आपल्या तळ्यांत ज्यांच्यावर ही वेळ येईल ती कासवं कोण? पोटाखाली झडपा असलेलं मऊ पाठीचं कासव, ज्याला भिजल्या शेतातही चालताना पाहिलं जातं. आणि काळं कासव. शिवाय दख्खनच्या नद्यांतलं लीथचं मऊ पाठीचं कासव, जे आज अस्तित्वाच्या अगदी कड्यावर उभं आहे. या लीथची एक गोष्ट मला फार आवडते. डॉ. अँड्र्यू लीथ हे मुंबईतले डॉक्टर. 'मुंबई बेटाची आरोग्यस्थिती' या विषयावरचा १८६४ चा सरकारी अहवाल त्यांचाच. म्हणजे शहराच्या गटारांची आणि पाण्याची पाहणी करणारा माणूस फावल्या वेळात साप-कासवं गोळा करत होता. १८७२ मध्ये लंडनच्या ग्रे यांनी या कासवाचं वर्णन करताना त्याला लीथचं नाव दिलं.

मुंबईतल्या लाल कानाच्या कासवांची अंडी इथल्या तळ्याकाठी उबतील का, असा प्रश्न हमखास येतो. कासवाचं लिंग अंड्यात ठरतं, तेही तापमानावर. वाळू-माती २९ अंशांच्या आसपास असली तर नर-मादी दोन्ही, त्याहून गार असली तर नर जास्त, ३१ च्या पुढे गेली की बहुतेक माद्याच. आपल्या एप्रिल-मेचा विचार केला तर कुठला पाळणा हलेल ते तुम्हीच ओळखा. आणि मिसिसिपीच्या खोऱ्यात थंडीत या कासवाला काही महिने निपचित पडावं लागतं. इथं ती सक्तीची सुट्टी नाही. बारा महिने खाणं, बारा महिने वाढणं.

बाकी देशात काय दिसलं? केरळात त्रिशूरजवळ २०१८ मध्ये ही कासवं मोकळ्या पाण्यात सापडली. तिथल्या वनसंशोधन संस्थेनं मग लोकांना आवाहन केलं, की नको असलेली कासवं ओढ्यात सोडू नका, आमच्याकडे आणून द्या. त्याच वर्षी आसामात गुवाहाटीच्या उग्रतारा देवळाच्या तळ्यात ती दिसली. देऊळ आणि तळं, पाहा. मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतही तलावांत आणि बागांच्या हौदांत प्राणिमित्रांना ती मिळत आली आहेत.

वहिनींनी शेवटी ती बादली आमच्याच गॅलरीत ठेवली. मी सिमेंटचा हौद शोधून आणला, एका कडेला वीट रचली. पुढे एका शाळेच्या विज्ञान-कट्ट्यावर त्याची सोय झाली. पण एकेका कासवाची सोय लावून हा प्रश्न सुटत नाही, त्यांची संख्या फार आहे. मारून टाका, असं काही देशांतले तज्ज्ञ स्पष्ट म्हणतात. पशुवैद्याकडून वेदनारहित मरण देणं हा मार्ग त्यांच्याकडे मान्य आहे. आपल्याकडे ते लोकांच्या गळी उतरणार नाही, आणि जे लोकांना पटत नाही ते चोरून तळ्यातच जाईल. म्हणून मला जपाननं काढलेला तोडगा शहाणपणाचा वाटतो. तिथं हे कासव घरोघरी होतं. जून २०२३ पासून तिथं विक्री, आयात आणि मोकळं सोडणं यांना बंदी आहे. पण ज्याच्या घरी आहे त्यानं ते सांभाळावं, हवं तर कुणाला फुकट द्यावं, याला परवानगी. घरात ठेवणंच गुन्हा ठरवलं असतं तर कायदा लागू व्हायच्या आदल्या रात्री देशभरातल्या नद्यांत कासवंच कासवं झाली असती, हे त्यांनी ओळखलं.

आपल्याकडे दार आता उघडलं आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तीतल्या ६२अ कलमानं उपद्रवी परक्या जीवांची आयात, व्यापार, बाळगणं आणि प्रसार यांवर अधिसूचना काढून निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. ते कलम वापरताना आधी दुकानाकडे पाहावं, घराकडे नंतर. पुरवठा थांबवला तर घरातली कासवं वीस-तीस वर्षांत आपोआप संपतील.

नाही तर रांगेत पुढचे उभेच आहेत. १ जून २०२५ ला मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात सीमाशुल्क अधिकाऱ्यांना ४७ विषारी साप आणि ५ कासवं सापडली. त्यांतले ४४ साप इंडोनेशियातले. त्यांच्या विषावर आपल्याकडची लस चालेल असं धरून चालता येत नाही, कारण ती आपल्या नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनवलेली असते. हे पकडले गेले. ग्वामला उतरलेला पहिला साप कुणी पाहिलाच नव्हता.

तुमच्या घरी लाल कानाचं कासव असेल तर घाबरू नका, आणि त्याला पिशवीत घालून बाणगंगेकडेही निघू नका. मोठं टब, अर्धं पाणी, अर्धी कोरडी जागा, रोज थोडं सकाळचं ऊन. हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, मुलांचे तर नक्की. पाणी स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतायचं नाही. दोन असतील तर नर-मादी वेगळी ठेवा. नराच्या पुढच्या पायांची नखं लांबलचक असतात, त्यावरून ओळखता येतो. अगदीच सांभाळणं होत नसेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा तुमच्या भागातल्या प्राणिमित्र संस्थेकडे विचारा, जागा मिळेपर्यंत थांबा. एकटी मादीही कधी कधी टबात अंडी घालते. ती बहुधा वांझ असतात. पण ती मादी कधी नराबरोबर राहिलेली असेल तर त्या अंड्यांवर विश्वास ठेवू नका, फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवून मग टाकून द्या.